खालच्या तुकड्यातली आंबट माती

मी, मळ्यावर सगळे ज्याला मातीमामा म्हणतात तो, वय ६३ वर्षे, धंदा – माती चाखून चुना व खत ठरवणे, राहणार – कॉफीचा मळा, कामगारांची चाळ, खोली नंबर चार. मला कोणी बोलावलेले नाही. आज सकाळी सव्वानऊ वाजता मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो आणि साहेबांच्या समक्ष सांगतो, ते असे.

मी या मळ्यावर एकतीस वर्षे आहे. माझे काम काय ते साहेबांनी दोनदा विचारले, म्हणून सांगतो. कॉफीला थोडी आंबट माती मानवते. फार आंबट झाली की मुळे खात नाहीत, वरून कितीही खत ओता, वाया जाते. दरवर्षी खत घालून घालून माती आंबटच होत जाते. मग चुन्याची भुकटी टाकून तिला जागेवर आणायची. किती टाकायची, हे मी ठरवतो. बुंध्यापासून हातभर अंतरावर वीतभर खणायचे, तळची चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, थुंकायची, चूळ भरायची. सुरुवातीला लोक हसायचे. पीक यायला लागले तसे हसायचे थांबले. आधीच्या मालकांनी एकदा माती शहरात तपासायला पाठवली, तर तिथला कागद आणि माझी जीभ एकच बोलली. त्यानंतर कागद मागवायचे कोणाला सुचले नाही.

दोन वर्षांपूर्वी मला ताप आला. अकरा दिवस अंथरुणात होतो. उठलो तेव्हा तोंडाला चव नव्हती. वाटले, येईल चार दिवसांत. आली नाही. मी कोणाला सांगितले नाही, बायकोलाही नाही. एकदा ती भाजीत मीठ घालायला विसरली आणि मी मुकाट्याने जेवलो, तेव्हा तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग ताटे उचलली.

मळ्याच्या खालच्या तुकड्यात चारशे दहा झाडे आहेत. ती माती वर्षानुवर्षे आंबट निघायची. तापानंतरच्या पहिल्या खेपेला मी ती तोंडात घातली, काही लागले नाही, आणि तरी म्हणालो, "आंबट आहे, चुना टाका." सवयीने म्हणालो. सहा महिन्यांनी कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. चुना जास्त झाला की असे होते. मला ते ठाऊक नव्हते असे नाही. पण तसे म्हणायचे, तर आधीचे कसे चुकले ते सांगावे लागले असते. मळ्याच्या मालकीणबाईंनी विचारले, "मामा, आता काय करायचं?" त्यांच्यादेखत मी परत चाखली आणि म्हणालो, "अजून आंबटच आहे." असे एकूण तीन वेळा झाले. जो चुना तीन वर्षांत एकदा द्यायचा, तो दीड वर्षात तीनदा दिला. पाने गळाली, फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. निम्मी झाडे तरी हातची गेली आहेत. त्यांना कोणी औषध घातलेले नाही. चुना फार झाला तरी मुळे खात नाहीत, म्हणून बुडाशी खत असून ती उपाशी राहिली.

औषध घालून झाडे मारली अशा मालकीणबाईंच्या फिर्यादीवरून परवा सकाळपासून ज्याला इथे आणून बसवले आहे, तो माझा जावई. मळ्यावर फवारणीचे काम करतो. तो आणि माझी मुलगी आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. तिसऱ्या खेपेची चुन्याची पोती त्याने वाहिली, तीही मी वाहायला लावली म्हणून. त्याच्या कपड्यांवर पांढरी भुकटी होती असे फिर्यादीत आहे, ती हीच.

त्याच दिवशी गोदामापाशी तो मालकीणबाईंना म्हणाला, "बाई, माती तपासायला पाठवा. नाहीतर या तुकड्याचं वाटोळं होणार, सांगून ठेवतो." ही धमकी नव्हती. अख्ख्या मळ्यावर खरे बोलणारा तो एकटा होता. तिथे पंधरावीस माणसे उभी होती. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "काल आलेला तू, मातीतलं तुला काय कळतं?" लोक हसले. त्याने पोते उचलले आणि खाली गेला. झाडे वाळल्यावर बाईंना तेवढे वाटोळे लक्षात राहिले आणि त्यांनी फिर्याद दिली. त्या फिर्याद सांगत होत्या तेव्हा मी शेजारीच उभा होतो. गप्प बसलो. आज तिसऱ्या दिवशी तोंड उघडतो आहे. माझी मला लाज वाटते, हेही लिहा.

साहेब म्हणाले, "मामा, जावयाला सोडवायला आलात, ते कळतंय मला. सासरा दुसरं काय बोलणार?" मी म्हणालो, "खोटंच बोलायचं असतं तर ते मला घरबसल्या जमत होतं." त्यांनी मान हलवली आणि हवालदारांना बाजूला घेऊन चहा सांगितला. चहा आला. मी पुरा प्यालो. साहेबांनी विचारले, "बरा झालाय ना? साखर बेताची आहे?" मी म्हणालो, "बेताची आहे, छान झालाय." गेली दोन वर्षे कोणाच्याही घरी काहीही खाल्ले तरी मी हेच म्हणतो. हवालदार खाली बघू लागले. साहेब म्हणाले, "मामा, त्यात साखर नव्हती. दोन चमचे मीठ होतं." मला राग आला नाही. आधी वाईट वाटले, मग जरा मोकळे वाटले.

त्यानंतर साहेबांनी जावयाचा जबाब काढला आणि त्यातले थोडे मला वाचून दाखवले. चुना किती टाकायचा हे कोणी ठरवले, असे त्याला विचारले होते. त्याने सांगितले आहे, "मातीतलं मला काही कळत नाही. ते आमच्या मामांना कळतं." चार वेळा विचारले, चारही वेळा हेच. माझी चव गेली आहे हे त्याला माहीत होते. वर्षभरापूर्वी मुलीच्या हातून भाजी अगदी खारट झाली होती आणि मी ती दुसऱ्यांदा मागून घेतली. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि आपल्या ताटातली भाजीही संपवली. मामांना चव लागत नाही, एवढे एक वाक्य इथे बोलला असता तर परवाच घरी गेला असता.

झाडे माझ्यामुळे गेली. दुसऱ्या कोणाचा त्यात हात नाही. खालच्या तुकड्याची माती तपासायला पाठवावी, बाकीच्या तुकड्यांचीही पाठवावी, कारण तिथेही मीच बोललो आहे. साहेब म्हणाले, माती आजच पाठवतो, बाईंना बोलावतो, जावई दुपारपर्यंत सुटेल, तोवर बाहेर बाकावर बसा. तो बाहेर आल्यावर त्याला काय म्हणू, ते मला सुचत नाही. हे लिहू नका म्हणालो, पण हवालदारांनी लिहिले.

वरचे सगळे हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवले. मी बोललो तसेच आहे. फक्त अगदी सुरुवातीला धंद्यापुढे "माती चाखून चुना व खत ठरवणे" असे लिहिले आहे ते खरे नाही, ते खोडावे. त्याजागी काय लिहू, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, मजूर लिहा. खोडले तिथे माझी एक सही घेतली आहे आणि एक खाली.