एका दिवसाचा करार

...आणि वर रडतात! त्या रविवारी चाळीस हजार माणसं, हातात बियर, आणि ढसाढसा रडतायत! कशासाठी? तर डेल हॅनिगन एका दिवसासाठी घरी आला म्हणून! अहो, पण गेला कशाला होता? हे विचारलं का कुणी? शेंगदाणे घ्या, शेंगदाणे! गरम आहेत, माझ्या डोक्यासारखे!

तुम्हाला सांगते, बेसबॉलच्या ह्या मैदानात तिसऱ्या बेसच्या अंगाच्या ह्या पायऱ्या मी अठ्ठावीस वर्षं चढते-उतरते आहे. गळ्यात हा ट्रे, डोक्यावर आपल्या टीमची, हॅमर्सची, ही निळी टोपी. आणि डेल? एकोणीस वर्षं कठड्यापलीकडे, तिथे, त्या तिसऱ्या बेसवर. पहिल्या दिवशी आला तेव्हा नुसता काटकुळा, टोपीतून बाहेर काय ते दोन कान! कठड्याशी येऊन म्हणतो, "बाई, एक पुडी टाकता का? सकाळपासून पोटात काही नाही." मी फेकली, त्याने टोपीत झेलली, आणि त्या सामन्यात पठ्ठ्याने दोन चेंडू थेट गॅलरीत टोलवले. झालं! खेळाडू लोक कसे असतात ठाऊक आहे ना, जिंकलेल्या दिवशीचे मोजे महिना महिना धूत नाहीत! तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी, "व्हर्ना, पुडी!" एकोणीस वर्षं!

मधे एका बड्या शहरातल्या बड्या टीमने त्याला पळवायला बघितलं. मी इथे, ह्याच पायरीवर, रडवेली. तर मला म्हणतो, "वेडी आहेस का व्हर्ना? आयुष्यभर एकच टोपी!" आयुष्यभर एकच टोपी! मी म्हटलं, "मग माझाही शब्द घे. ज्या दिवशी तू ही टोपी उतरवशील, त्या दिवशी मी हा ट्रे उतरवीन." डॉक्टर केव्हाचा कोकलत होता, बाई, गुडघ्यांचं वाटोळं होईल, पायऱ्या सोडा. मी म्हटलं, डेलला विचारा!

बरं, गेल्या हिवाळ्यात क्लबच्या मोठ्या साहेबांनी डेलला कळवलं, वय झालं, आता पुरे. एकोणीस वर्षं घाम गाळलेल्या माणसाला, दोन ओळींत! संताप आला मला, पण म्हटलं, असो, मानाने थांबेल, मीही थांबेन, गुडघे शेकत बसेन. कसलं काय! वसंतात स्वारी उभी कुठे? बिशप्सकडे! नदीपलीकडच्या, आपल्या हाडवैरी बिशप्सकडे! त्या बाटलीतल्या मोहरीच्या सॉससारख्या पिवळ्याजर्द टोप्या! टीव्हीवर म्हणतो, "माझ्यात अजून खेळ शिल्लक आहे." किती शिल्लक होता? अकरा सामने, फटके दोन! बाकी वेळ बाकावर बसून सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकणं. मग त्यांनीही नारळ दिला. अकराही सामने मी घरी लावले होते, हो! टीव्हीकडे पाठ करून. आवाज मोठा ठेवून.

आणि इकडे माझा ट्रे गळ्यातच! कारण बोलणं काय होतं? टोपी उतरवशील तेव्हा. ह्याने उतरवली कुठे, बदलली!

मग आली आपली ती लाडकी रीत. खेळाडू सोडून जाऊ दे, चार गावचं पाणी पिऊ दे, शेवटी जुनी टीम त्याला एका दिवसाचा करार देते. सही करायची, बॅटला हात लावायचा नाही, आणि म्हणायचं, मी इथलाच, इथूनच निवृत्त झालो! डेलसाठी रविवार ठरला. बँड, भाषणं, आणि त्या मोठ्या फलकावर त्याचे दोन दोन मजली कान!

मी गेले फिंचकडे. फिंच म्हणजे आम्हा विक्रेत्यांवरचा साहेब. म्हटलं, "डेल उतरतोय, म्हणजे मीही उतरतेय. रविवारी माईकवरून एकदा माझं नाव घ्या. व्हर्ना, अठ्ठावीस वर्षं. बस्स, दुसरं काही नको." तर फिंच, तो नाकातून बोलतो, म्हणतो, "व्हर्ना, हे बघ... समारंभ परत येणाऱ्याचा असतो गं. तू गेलीच कुठे होतीस?" ऐकलंत? गेलीच कुठे होतीस! म्हणजे सोडून जाणाऱ्याला बँड, आणि आयुष्यभर एकच टोपी घालणारीला काय? ट्रे! तो ट्रे मी तिथेच त्याच्या टेबलावर आपटला. शेंगदाणे कागदांवर, शेंगदाणे कॉफीत! "सोडली तुझी नोकरी!" शुक्रवारी. सगळ्यांदेखत!

शनिवारी सकाळी फोन. नाकातून. "व्हर्ना... उद्या तुडुंब गर्दी आहे, माणसं कमी पडतायत. फक्त एका दिवसासाठी येतेस?" आले! का नाही येणार? डेलला तोंडावर चार शब्द सुनवायचे होते मला!

तो आला. कोरी निळी टोपी, तिची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही. कानांवरचे केस पांढरे. भाषण संपलं, बँड सुरू व्हायचा होता, तर हा सगळ्यांना सोडून सरळ ह्या कठड्याशी. आणि चालू माईक राहिला कॉलरलाच! "व्हर्ना, पुडी!" अहो, चाळीस हजारांत दुमदुमलं! व्हर्ना, पुडी! अस्सा राग आला मला, मी कपाळाचा नेम धरला आणि हाणली. तर मेल्याने झेलली! टोपीत! म्हणतो, "चुकलो गं व्हर्ना. घरी बसायची भीती वाटली. तू आहेस अजून, बरं वाटलं." हेही सगळ्यांनी ऐकलं. मग काय... त्या रडणाऱ्या चाळीस हजारांत एक मीही होते. कुणाला सांगू नका.

सोमवारी गुडघे शेकत बसले होते, तर पुन्हा फोन. नाकातून. "व्हर्ना, लोक नाव घेऊन तुलाच विचारतायत. फक्त आजचा दिवस?"

डेल तिकडे तळ्यावर मासे धरत बसलाय. आणि माझा आज सतरावा 'फक्त एक दिवस' आहे. शेंगदाणे घ्या, शेंगदाणे!