उद्याचा भाव

आई: अगं, घातलेल्या चपला परत काढल्यास? गाडी खाली उभी, घर विकणारा तिकडे वाट बघत बसलाय, आणि तू सोफ्यावर?

सून: आज नको जायला, आई.

आई: नको म्हणजे? सह्या आजच करायच्या ठरल्यात.

सून: माहितीये. तरी आज नको.

आई: डोकं दुखतंय का?

सून: नाही. म्हणजे हो, थोडं.

आई: मग गोळी घे. सही काय डोक्याने करायचीये? हाताने करायची.

सून: त्या बाथरूमच्या फरशा मला पटल्या नाहीत.

आई: ऐका! जितक्या वेळा घर बघायला गेलीस तितक्या वेळा त्याच फरशांवर हात फिरवून आलीस. वर मला फोटो काढून दाखवलेस, आई, रंग बघा, रंग बघा.

मुलगा: आई, जरा थांब.

आई: थांबू कशाला? तळमजल्यावर खोली मिळणार म्हणून माझे गुडघे महिनाभर खुशीत आहेत. तूही बोल की काहीतरी! नुसता दाराशी कागद घेऊन उभा.

मुलगा: आज नको, की नकोच?

सून: आज नको.

मुलगा: मग उद्या सकाळी?

सून: उद्या संध्याकाळी बोलू.

मुलगा: संध्याकाळी.

सून: हो.

आई: उद्या तर तुझ्या ऑफिसात मोठा सोहळा ना? ते नवीन काहीतरी काढताय, कॉम्प्युटरचा मेंदू का काय तो.

सून: प्रोसेसर. उद्या दुपारी जाहीर होणार. किंमतही तेव्हाच.

आई: बरं मग, त्याचा आणि घराचा काय संबंध?

सून: काही नाही.

मुलगा: काहीच नाही, आई. तू बस.

आई: बसते. पण मला वेड्यात काढू नका. लग्न झाल्यापासून बघतेय मी. हा एका कंपनीचे प्रोसेसर विकणार, तू त्याच्या समोरच्या कंपनीत. ऑफिसच्या बॅगा चपलांच्या कपाटावर ठेवायच्या आणि ऑफिसच्या गोष्टीही तिथेच ठेवायच्या. घरात दोघं तोंडात गुळणी धरून बसणार. शेजारीण विचारते, सून काय करते हो? मी सांगते, माझ्या मुलाच्या पोटावर पाय देते.

मुलगा: आई!

आई: अरे, गंमत करते. एरवी ही सगळ्यात आधी हसते. आज हसली नाही.

सून: चहा ठेवू का?

आई: चहा राहू दे. किती दिवस झाले, पानावरून अर्धी उठतेस. मला वाटलं, नव्या घराचं दडपण आलंय.

मुलगा: मलाही तसंच वाटलं होतं.

आई: मग ते नाही तर काय आहे? सरळ सांगा. मीही उभा जन्म वह्या-पेनांचं दुकान चालवलंय. अगदीच अडाणी नाही.

मुलगा: मग दुकानासारखंच सांगतो. पेपरात आलंय तेवढंच.

सून: सांग तू. मी आत जाते.

मुलगा: बस गं. तुला नवीन काही नाही त्यात. आई, दर वर्षी ही दोन्ही दुकानं नवा माल काढतात. यंदा हिच्या कंपनीचा माल जास्त वेगवान आहे, असं सगळेच म्हणतायत. वेगवान म्हणजे महाग. तेव्हा किंमत गेल्या वर्षीपेक्षा चढेल, नाहीतर निदान तेवढीच राहील, असा बाजाराचा अंदाज.

आई: बरोबरच आहे. उत्तम माल कोण स्वस्तात विकेल?

मुलगा: तो अंदाज धरून आम्ही आमचा भाव थोडा खाली ठेवला. वेग जरा कमी, पैसेही जरा कमी. तो भाव फुटला आणि पेपरात छापूनही आला. अजून शिक्का बसलेला नाही, पण तोच जाणार असं सगळे धरून चाललेत.

आई: आणि समोरच्याने उत्तम मालच तुमच्याहून स्वस्त लावला तर?

मुलगा: आपल्या दुकानासमोर तसं झालं होतं ना?

आई: झालं होतं की. त्याने जाड पुठ्ठ्याची वही आमच्या पातळ वहीच्या भावात लावली. तीही ऐन शाळा उघडताना. आमच्या नव्याकोऱ्या वह्या त्या वर्षी रद्दीवाल्याने नेल्या. तुझे बाबा दिवसभर दुकानात बसायचे, एकही गिऱ्हाईक... थांब. थांब जरा. तुझ्या नोकरीला काही होणार आहे का रे?

मुलगा: हा माल खपला नाही तर आमचा मजला बंद करणार आहेत.

आई: अख्खा मजला? आणि हे मला कधी सांगणार होतास?

मुलगा: घर झालं की. तोपर्यंत माल खपेल, सांगायची वेळच येणार नाही, असं वाटलं. हिलाही बोललो नव्हतो.

सून: मला माहीत होतं.

मुलगा: कोणी सांगितलं?

सून: आमच्या कॅन्टीनमध्ये बोलतात. मी येऊन बसले की विषय बदलतात.

आई: म्हणजे तुम्ही दोघं एकाच गादीवर झोपून, एकच गोष्ट पोटात ठेवून, पाठीला पाठ लावून...

मुलगा: आई, पुरे.

(मुलाचा फोन वाजतो. तो तिथेच बसून घेतो.)

मुलगा: हो साहेब, बोला... हो, आज दुपारी भावांची यादी दुकानदारांकडे जाणार, लक्षात आहे... शेवटचा आकडा?

सून: मी गच्चीत जाते.

मुलगा: बस म्हटलं ना... नाही साहेब, घरात बोलत होतो. तुम्ही बोला... माझं मत विचाराल तर आकडा तोच ठेवा... नाही. माझ्या कानावर नवीन काही आलेलं नाही. बाजार म्हणतोय तेच... हो, माझ्या नावावर लिहा. पाठवून द्या.

आई: तोच ठेवा? अरे, आत्ता मला एवढं सगळं समजावलंस, मलासुद्धा कळलं, आणि तू...

सून: खाली आणायचा होतास.

मुलगा: कशावरून?

सून: तुला माहीत आहे कशावरून.

मुलगा: तू मला एवढंच म्हणालीस, की फरशा पटल्या नाहीत. बाथरूमच्या फरशांवरून प्रोसेसरचा भाव उतरवतात का?

सून: थट्टा करू नकोस.

मुलगा: नाही करत. आज आम्ही एकदम भाव पाडला आणि उद्या तुमचा जाहीर झाला, तर तुमच्याकडे आधी काय विचारतील? कोणाचा नवरा तिकडे कामाला आहे ते.

सून: आणि तुझ्या मजल्यावरची बाकीची माणसं?

मुलगा: साहेबांचा आवाज ऐकला तेव्हा तीच डोळ्यांसमोर आली. त्या कोपऱ्यातल्या टेबलावरचा तर मागच्याच महिन्यात बाप झालाय. पण खाली आणून आणणार किती? आमचा बनवायचा खर्चच बोकांडी बसलाय. थोडे महिने उशिरा बुडालो असतो, इतकंच.

आई: पण साहेबाशी तू खोटं बोललास.

मुलगा: मला कोणी काहीच सांगितलेलं नाही, आई.

सून: मी सांगणारही नव्हते. शेवटपर्यंत गप्प बसायचं ठरवलं होतं. चपला घालेपर्यंत जमलंही. मग वाटलं, आपण म्हातारे होईपर्यंतचे हप्ते, आणि तू तिथे हसत सही करणार, ते मी बघत उभी राहणार. पाय उचलेनात.

मुलगा: बरं केलंस.

सून: रडू येईल म्हणून मी रोज आंघोळीला वेळ लावते. येतच नाही. नुसती पाण्याखाली उभी राहते. आत सगळं सुन्न पडलंय.

मुलगा: मला आत्ता घाबरायला हवं. पण भीतीच वाटत नाहीये.

आई: दोघंही असं बोलू नका रे. भांडा तरी. भांडलात तर मला काहीतरी कळेल.

मुलगा: कशावरून भांडू? ती तिचं काम करतेय.

आई: काम! द्या तो फोन इकडे. घर विकणाऱ्याला तरी कळवायला हवं. काय सांगू त्याला?

सून: सांगा, सुनेचा विचार फिरला.

आई: तुझ्यावर कशाला ढकलू? सांगते, म्हातारीला जागा पसंत नाही. म्हातारीला कोणी कारण विचारत नाही.

सून: आई, तुमची खोली...

आई: जिने काय मी आजच चढायला लागलेय? चढेन की. मला एकच सांग. ऑफिसचं विचारायचं नाही हे ठाऊक आहे, तरी विचारते. चांगला माल मातीमोल विकायचा, समोरच्याचं दुकान उठवायचं, हा असला भाव तुमच्याकडे ठरवतं तरी कोण?

सून: तुम्हाला काय करायचंय ते जाणून?

आई: चार शब्द ऐकवायचेत मला त्याला. समोर उभा करून.

सून: ऐकवा मग.

आई: कोणाला?

सून: मागच्या वर्षी बढती मिळाली तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे. कागदावर आकडा मी लिहिला. वरच्यांनी फक्त मान हलवली. भाव चढवू या, असंच म्हणत होते ते. सगळा बाजार चढाच म्हणत होता. मीच म्हणाले, नाही, उतरवा.

आई: तू?

सून: मी. सगळं मांडून बघितलं. कसंही फिरवून बघितलं तरी तोच आकडा येत होता. त्याचा मजला त्यात दिसत होता, तरीही तोच येत होता.

आई: अरे, तू काही बोलशील की नाही?

मुलगा: हिने काढलाय ना? मग बरोबरच असणार.