गालिना आंटींची सिरीयल

आमच्या अम्मीला रशियन येत नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही. ती रत्नागिरीहून इकडे आखातात, मरीना भागात माझ्याकडे राहायला आली आणि रोज दुपारी शेजारच्या गालिना आंटींकडे रशियन सिरीयल बघायला जाऊ लागली. आंटी एकट्याच राहतात. सिरीयल चालू असताना अम्मीचं मराठी चालूच. "बघ गो, ही सून लबाड आहे, नवऱ्याला फसवणार." आंटी मान डोलवायच्या.

व्हिसा संपला, अम्मी परत गेली. आठवड्याने आंटी माझ्या दारात. मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "सिरीयल बघवत नाही. आमच्या तरुणपणी परदेशी पिक्चरच्या कॅसेट यायच्या, त्यात एकच माणूस सगळ्यांचं रशियनमध्ये बोलायचा. हिरोचं, हिरॉइनचंसुद्धा. तुझी आई तशीच बोलते. आता तो आवाजच नाही."

"पण आंटी, तिचं तुम्हाला कळायचं?"

"एक शब्द नाही."

म्हटलं, यल्ला, चला. अम्मीला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल टीव्हीसमोर उभा केला. तीच सून हमसून हमसून रडत होती.

अम्मी म्हणाली, "थांब गो गालिना, आधी मला सांग. ही घर सोडून गेली होती ना? मग परत कशी आली?"

आंटींनी खुर्ची जवळ ओढली आणि सगळी हकीकत सांगितली, सावकाश, हातवारे करून, शुद्ध रशियनमध्ये.

अम्मीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वाटलंच मला."