भनपुरीच्या बापाची केस

झेरॉक्सच्या नोट्स मागून राहिले ना, देते. पण आधी माझ्या समाजशास्त्राच्या व्हायव्हाचं ऐका.

सर्व्हेसाठी दहा घरी जायचं होतं. मी एकाही घरी गेली नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या नोट्समधून भनपुरी वस्तीतल्या एका बापाची केस जशीच्या तशी उचलली. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं, म्हणून चार वर्षं तिच्याशी बोलला नव्हता.

बाहेरच्या कॉलेजातून परीक्षा घ्यायला आलेल्या मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. "आप खुद गई थीं इनके घर?"

"हव, मॅडम."

"बात की उन्होंने?"

माझं तोंड थांबेना. "खूब की, मॅडम. अपने हाथ से चाय बनाकर पिलाई."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. बाजूला बसलेले आमचे सर माझ्याकडे पाहीनात.

मग मॅडम हळूच मराठीत बोलल्या, "ह्या नोट्स माझ्या हायेत. एमएला असताना लिहिलेल्या. बापही माझाच हाये. चार नाही, आता एकोणीस वर्षं झाली."

मॅडमनी ते पान माझ्यापुढं सरकवलं.

"खरंच गेली असशील तर सांग. माझं नाव तरी घेतलं का त्यांनी?"