न पिकणारा टोमॅटो

मुलगी: ह्या टोमॅटोवर पण गोणपाट टाकू का?

वडील: नको, गुदमरेल. त्याला सकाळचं ऊन लागतं.

मुलगी: ऊन आहे कुठे बाबा? नऊ वाजून गेले, भिंतीवरचं दव अजून सुकलं नाही.

वडील: येतं. हल्ली उशिरा येतं आणि लवकर जातं. मी सरकारी नोकरी केली आहे, मला त्याचं काही वाटत नाही.

मुलगी: बॅग भरली आहे, गाडी दारात आहे. झाडावरचा शेवटचा टोमॅटो पिकला की तुझ्याकडे राहायला येतो, असं म्हणाला होतात. त्याला महिना होऊन गेला.

वडील: शब्द दिलाय, तो पाळणारच. पण बघ ना, हिरवागार आहे.

मुलगी: बाकीचं झाड वाळून काडी झालं.

वडील: झालं खरं.

मुलगी: शेंगा काळ्या पडल्या, पुदिना जमिनीला टेकला, मुंग्यासुद्धा दिसत नाहीत.

वडील: मुंग्या खाली गेल्या. त्यांना न्यायला कुणाला यावं लागत नाही.

मुलगी: टोमणे नकोत. मागच्या थंडीत ह्याच पायरीवर घसरलात आणि मला चार दिवसांनी सांगितलंत. तेव्हापासून अवेळी फोन वाजला की मी आधी गाडीची किल्ली शोधते.

वडील: म्हणून तर पायरीवर गोणपाट टाकलंय.

मुलगी: गोणपाट टाकून मला झोप लागत नाही, बाबा.

वडील: तुझ्याकडे मी काय करू? बाल्कनी दाखवलीस, तिच्यात एसीचं धूड आणि एक प्लास्टिकचं झाड. त्याची पानं गळतात का बघायला बसू?

मुलगी: थांबा. हा टोमॅटो गेल्या आठवड्यात पाठवलेल्या फोटोत गोल होता.

वडील: असेल.

मुलगी: आज लांबट आहे, आणि मोठा.

वडील: गारठ्यानं आकसला असेल.

मुलगी: आकसून मोठा झाला?

वडील: झाडपाल्याचं आपण काय सांगावं.

मुलगी: बाबा, हा दोऱ्यानं बांधलाय.

वडील: बघू. हो की.

मुलगी: तुम्ही बांधलात.

वडील: मला सुईत दोरा ओवता येत नाही, गाठ कसली मारतोय.

मुलगी: देठाच्या रंगाचा दोरा शोधून आणलाय. इतकी बारीक गाठ आपल्या गल्लीत एकाच माणसाला येते.

शिंपी: (भिंतीपलीकडून) मी काही ऐकलेलं नाही.

वडील: चोराच्या मनात चांदणं. मास्तर, डोकं वर काढा, पोरगी आली आहे.

मुलगी: काका, हा दोरा तुमच्या दुकानातला ना?

शिंपी: दुकान मुलाला दिलं. दोरे ठेवले.

मुलगी: आणि टोमॅटो?

शिंपी: ह्यांचा पिकायला लागला, तो मी काढून घेतला. त्या जागी माझा बांधला. मग तोही पिकायला लागला. आता हा कितवा, मलाच आठवत नाही.

मुलगी: काढलेल्यांचं काय केलंत?

शिंपी: खाल्ले. पुरावा कोण ठेवतो?

मुलगी: बाबा, तुम्हाला हे ठाऊक होतं?

वडील: मी जन्मभर घरोघरी विजेचे मीटर वाचले. मीटरला कुणी हात लावला की मला दारातूनच कळायचं.

मुलगी: मग बोलला का नाहीत?

वडील: मी रिटायर झालोय.

मुलगी: मी वेड्यासारखी रोज संध्याकाळी विचारायचे, पिकला का, पिकला का. काका, तुम्ही तरी असं का करावं?

शिंपी: आमची ही गेल्यापासून सकाळी माझ्याशी पहिलं कोण बोलतं, तर तुझा बाप. बोलतो म्हणजे भांडतो. माझ्या झाडाची पानं त्याच्या वाफ्यात का येतात, ह्यावर.

वडील: येतातच. आजही आली आहेत.

शिंपी: तो गेला तर मी कुणाशी भांडू? सुनेशी भांडलो तर जेवण कोण देईल?

मुलगी: रोज भांडता?

शिंपी: रोज. चहाच्या आधी.

मुलगी: आणि एखाद्या सकाळी ह्यांनी ओ दिली नाही तर?

शिंपी: भिंतीवरून येतो. मागच्या थंडीत तसाच आलो होतो. पायजमा फाटला, नंतर मीच शिवला.

मुलगी: ह्यांना तुम्ही उचललंत?

वडील: उचललं कसलं, ओढलं. वर म्हणाले, तुमचं माप वाढलंय.

मुलगी: बाबा, हे मला का सांगितलं नाहीत?

वडील: मला एकट्याला उठता आलं नाही, हे सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी गाडी घेऊन आली असतीस.

मुलगी: आले असते.

वडील: मला भीती वाटते गं. पडायची नाही, तुझ्याकडे येऊन नुसतं बसून राहायची.

मुलगी: काका, तुमचा फोन नंबर द्या. भांडण झालं की मला कळवायचं. रोज.

शिंपी: काय कळवू?

मुलगी: पानं आली, एवढंच.

वडील: मग बॅगेचं काय?

मुलगी: गाडीत नाही ठेवली अजून. काका, अजून हिरवे आहेत का तुमच्याकडे?

शिंपी: टोपलीभर आहेत, कागदात गुंडाळून ठेवलेत.

मुलगी: मग दोरा घेऊन या. ही गाठ सैल झाली आहे, वाऱ्यानं पडेल.