उरलेल्या पुड्या

बीडच्या दवाखान्यात खिडकीपुढच्या रांगेत माझ्यामागं दोघी भेटल्या.

"नीलाकाकू, तुमी हितं कावून?"

"सुनंचा मरणाचा दाखला न्यायचाय, बायना."

"अगं माय! शिवांजली कशानं गेली?"

"छातीत गाठ होती. पुरुष डॉक्टर म्हणून लाजली, नुसती हाडं दुखतेत म्हणली. रक्त तपासलं तर विटामिन डी कमी निघालं. त्यानं दुधातून घ्यायच्या पुड्या दिल्या. डी वाढलं की गाठ विरती, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं. वरीसभर पुड्या घेत उन्हात बसली."

"काकू, त्यातल्या पुड्या उरल्यात का?"

"तुला कशाला?"

"माजी बी हाडं दुखतेत."

"नुसती हाडंच ना गं?"

"रांग सरकली, काकू. पुढं व्हा."