रिकाम्या स्टँडवरची शमीज

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील महापौर बाई, आजच्या सत्कारमूर्ती गोडलिव्हबाई, आणि दरवर्षी आम्ही शिवलेले जुन्या काळचे कपडे घालून मिरवणुकीत घामाघूम होणाऱ्या आपल्या कॉर्ट्रेक शहरातल्या बंधुभगिनींनो,

मी बाहेरचे मखमली डगले शिवणारा माणूस. लोक माझंच काम बघतात. पण त्या काळी डगला कुठे धुतला जायचा? धुतली जायची ती आतली, अंगाला लागणारी लिननची शमीज. ती आमच्या कार्यशाळेत गोडलिव्हबाई शिवतात. कापडातला धागा ओढून त्या रेषेवर कापायचं, बगलेत चौकोनी तुकडा घालायचा, आणि आतली प्रत्येक कड दुमडून हाताने, बारीक टाक्यांनी बसवायची. कुणाला दिसतं हो हे?

कार्यशाळेत त्यांच्याच टेबलाशी समोर बसणाऱ्या रोझाबाईंनीही हेच विचारलं होतं. त्या शमीजच्या गळ्यावर काळ्या रेशमाने नक्षी भरायच्या, त्यामुळे कौतुक त्यांच्या वाट्याला. एकदा मिरवणूक तोंडावर आली आणि काम अडलं, तेव्हा त्या भडकल्या.

"अगं बाई, आतून मार की मशीन! आत कोण डोकावतंय?"

"अंगाला कळतं."

"डोंबल कळतंय अंगाला!"

हसताय? त्यानंतर दोघी कितीतरी वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. टेबल एकच, पण कात्री हवी असली तरी माझ्यामार्फत.

गेल्या हिवाळ्यात रोझाबाईंनी अंथरूण धरलं. अंगाला कापड सोसेना. गोडलिव्हबाई मला म्हणाल्या, "चल रे." सोबत होती धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीची शमीज. रोझाबाईंनी ती घातली, हात वर केला, खाली केला.

"कुठेच टोचत नाही गं," म्हणाल्या. "आणि गळा असा कोरा का?"

"तुझ्यासाठी ठेवलाय. बरी झालीस की भर."

रोझाबाई बऱ्या झाल्या नाहीत. एवढ्याशा बोलण्यासाठी इतकी वर्षं का जावी लागली, याची हळहळ मला आजही वाटते. आज गोडलिव्हबाईही निवृत्त होऊन निघाल्या. उद्यापासून त्या टेबलाशी कुणीच नसेल.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. काही अधिक-उणं बोललो असेन तर पोटात घाला. आणि हो, हा बाजूचा स्टँड रिकामा दिसतोय, त्याचा दोष आयोजकांना देऊ नका. बाईंचं सर्वांत उत्तम काम तिथे मांडायचं ठरलं होतं. मी मागायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "ते कुठून आणू? ते रोझा घालून गेली."